न पिणाऱ्या गावातले तीन शिंदीखाने

परवा एका वाचकानं विचारलं, तुमचा पहिला प्रवास कोणता. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला, कारण खरं उत्तर सांगण्याजोगं नव्हतं. काश्मीर नाही, कन्याकुमारी नाही. मी आयुष्यातला पहिला प्रवास केला तो १९७५ च्या जानेवारीत, एसटीनं, औरंगाबादहून सोनपेठला, बंद पडलेले शिंदीखाने बघायला. सोबत वडील होते. ते आमच्या वसाहतीच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते.

झालं असं की एमएच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एखाद्या गावाच्या इतिहासावर प्रबंधिका लिहायची होती. आमचे सर म्हणाले, "चारठाण्याची देवळं घ्या. मुलींना सोयीचा विषय आहे." चारठाण्याची देवळं माझ्याआधी चौघींनी घेतली होती. देवळं तेवढी नव्हती. यादीत खाली एक विषय कुणीच न घेतलेला होता: निजामी काळातल्या सराया, खानावळी आणि शिंदीखाने, एका गावापुरते. मी तो घेतला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एक नियम सांगितला.

"अशा विषयात बाता फार. तेव्हा ज्या जागेबद्दल लिहाल तिची एक वस्तू दाखवा, नाहीतर कागद. तेही नसेल तर एकमेकांची ओळख नसलेले दोन साक्षीदार, आपलं नाव छापायला तयार असलेले."

घरी सांगितलं तेव्हा आईनं पोळी तव्यावर तशीच राहू दिली. दादा, म्हणजे माझे वडील, वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "गाव कोणतं घेतेस?"

"अजून ठरलं नाही."

"सोनपेठ घे. आपलं मूळ गाव तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी येतो." मग पान उलटत म्हणाले, "तिथं सुंदराबाईचा शिंदीखाना होता. बाकी काही राहिलं तर राहू दे, तेवढा लिही."

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? ते म्हणाले, "ऐकलंय."

दादा दारूबद्दल काही ऐकून घेणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळं मला हे खटकायला हवं होतं. पण मी बावीस वर्षांची होते आणि विषय मार्गी लागल्याच्या आनंदात होते.

सकाळी सहाची गाडी पकडून जालना, मंठा करत आम्ही देवगाव फाट्याला उतरलो. तिथं भजी चांगली मिळत. चहाबद्दल मी काही बोलणार नाही. कंडक्टर "चारठाणा, जिंतूऽऽर" असा ओरडत त्याच गाडीनं पुढं गेला, म्हणजे माझ्या चार मैत्रिणींचा विषय त्या दिशेला गेला, आणि आम्ही सेलूकडची गाडी येईपर्यंत फाट्यावर दीड तास उभे राहिलो. सेलूला गाडी बदलली, पाथरीला परत बदलली. रस्त्यांविषयी लिहायचं तर पाथरीपर्यंत रस्ता होता.

पाथरीनंतर शेजारच्या बाकावरच्या फेटेवाल्या माणसानं विचारपूस सुरू केली.

"कुठं जायलाव ताई?"

"सोनपेठला."

"कोणाकडं?"

"कोणाकडं नाही. शिंदीखाने बघायचेत."

तो माणूस माझ्याकडं न बघता दादांकडं बघू लागला. दादांनी वर्तमानपत्र उघडलं, जे त्यांचं सकाळपासून दोनदा वाचून झालं होतं.

"ते कवाच बंद झाले की," तो अखेर म्हणाला. आवाजात सांत्वन होतं.

सोनपेठ तेव्हा मोठं खेडं म्हणावं तसं होतं. पेठेत किराण्याची आणि कापडाची दुकानं, बाहेर ज्वारीची रानं, जवळच गोदावरी, आठवड्याचा बाजार. आम्ही पोचलो आणि एक अडचण लक्षात आली, जी मी पुढं प्रबंधिकेच्या प्रस्तावनेत घातली: सरायांवर संशोधन करायला आलेल्यांना मुक्कामाला जागा नव्हती. शेवटी बौद्ध वस्तीतल्या विहारामागची खोली मिळाली. वस्तीतल्या बायकांनी भाकरी, मुगाचं वरण आणि शेंगदाण्याची चटणी दिली. आल्यागेल्या शिकलेल्या माणसाला भाषण करायला लावायची तिथं पद्धत होती. जेवायच्या आधीच दादांना उभं केलं.

दादांचं भाषण मला पाठ होतं. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते. बाबासाहेबांनी सांगितलेलं शिक्षण, पंचशील, मग दारूनं झालेली घरांची माती, आणि शेवटी ते वाक्य: "माझे वडील अडाणी होते, गावकीची कामं करत होते, पण त्यांनी आयुष्यात थेंबाला शिवलं नाही. ते अडाणी माणसाला जमलं, तुम्हाला का जमू नये?" या वाक्याला टाळ्या पडतच. आमच्या वसाहतीतल्या निदान चार जणांनी या वाक्यापायी दारू सोडली, हे मला माहीत आहे. सोनपेठलाही टाळ्या पडल्या. दादा त्या रात्री फार जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन पेठेत निघाले आणि दुपारपर्यंत एक गोष्ट सिद्ध केली. सोनपेठात निजामाच्या काळी तीन शिंदीखाने होते: एक पेठेतला, एक वेशीजवळचा आणि एक नदीच्या वाटेवरचा सुंदराबाईचा. आणि सोनपेठात शिंदी पिणारा एकही माणूस नव्हता.

"आमच्या घराण्यात कुणी न्हाई," कापडवाले म्हणाले. "पण ते तेली हायेत ना, त्यांचे वडील पेठंतल्यात बसायचे. उजव्या हाताला, खांबाजवळ."

तेली म्हणाले, "खोटं हाय. आमचं म्हातारं गेलं न्हाई कधी. कापडवाल्याचा चुलता मात्र रोज. डाव्या हाताला."

असं मी अकरा घरं फिरले. स्वतः कुणी गेलं नव्हतं, पण दुसरा नेमका कुठं बसायचा हे प्रत्येकाला बसल्या जागेसकट माहीत होतं. संध्याकाळी मी सगळ्यांची माहिती जोडून पेठेतल्या शिंदीखान्याचा नकाशा काढला, तर एकूण एक जागा भरली. नव्यांनी हे तंत्र जरूर वापरावं. माणसाला स्वतःबद्दल विचारू नये, शेजाऱ्याबद्दल विचारावं.

सराई तर आयतीच सापडली. पेठेच्या टोकाला शिवलिंगअप्पा नावाच्या गृहस्थांचं खतांचं दुकान होतं. तीच जुनी सराई, आणि तिच्या पुढच्या पडवीत पेठेतला शिंदीखाना. दोन्ही त्यांच्या आजोबांची. अप्पा माझ्या विषयानं हरखून गेले. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी घोडे बांधायच्या कड्या दाखवल्या, उर्दूतला परवाना दाखवला, आणि माळ्यावरून एक पेटी काढून पितळी पेले मांडले, प्रत्येकावर आजोबांचं नाव कोरलेलं.

"आन् हे बगा," म्हणत ते आम्हाला मागच्या भिंतीकडं घेऊन गेले. भिंतीला बाहेरच्या बाजूनं लाकडी खुंट्या होत्या. त्यांवर नारळाच्या नरोट्या टांगलेल्या, काळ्या पडलेल्या. "बाहेरच्या लोकांची भांडी. आपापली काढून घ्यायची, लांबनं वतून घ्यायचं, धुऊन परत टांगायची. सगळं जपून ठिवलंय आमी. एकबी फेकलं न्हाई."

आम्ही कोण हे अप्पांनी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं. दादांनी एक नरोटी खुंटीवरून काढली, आतून बघितली, बाहेरून बघितली आणि होती त्याच खुंटीवर परत लावली. मला राग आला. अप्पांचा आला, त्यांच्या आजोबांचा आला, त्या भिंतीचा आला, आणि आपला पुरावा इतका चोख मिळाल्याचा जो आनंद मनात होता त्याचाही आला. मी वहीत लिहिलं: नरोट्या, पाच. अप्पांनी चहा मागवला. कपबशीतून आला. दादांनी शांतपणे पूर्ण घेतला.

वेशीजवळच्या शिंदीखान्याचाही दगडी हौद मिळाला, कागद मिळाला. राहिला सुंदराबाईचा.

तिसऱ्या दिवशी दादा मला नदीच्या वाटेनं घेऊन गेले. ज्या माणसानं नुसतं ऐकलं होतं तो न विचारता तीन वळणं वळला. एका ज्वारीच्या रानाच्या कडेला थांबून म्हणाले, "इथं."

तिथं ज्वारी होती. कणसं भरली होती, हुरड्याला आलेली. भिंत नाही, जोतं नाही, खापर नाही. मी बांधावरून दोनदा फिरले. पन्नास पावलांवर पळसाची चार झाडं होती, एवढंच.

"दादा, इथं काहीच नाही."

"नसणारच," ते म्हणाले आणि बांधावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावच्या पाटलाचं ओझं डोक्यावर घेऊन सोनपेठच्या बाजाराला येत. दादा नऊ-दहा वर्षांचे असताना थंडीच्या दिवसांत एकदा सोबत आले. ओझं उतरवून झाल्यावर आजोबा सुंदराबाईकडं गेले. ती कलालाची विधवा. तिच्याकडं पेला नव्हता, नरोटी नव्हती. शिंदी पळसाच्या द्रोणात. पाटील येवो, महार येवो, मुसाफिर येवो, द्रोण घ्यायचा, प्यायचा, फेकायचा. "भांडंच न्हाई तर बाटंल काय?" असं ती विचारायची. ज्यांना आपल्या पेल्याची हौस होती ते पेठेत जात. बाकीचे तिच्या छपराखाली एकाच बोऱ्यावर बसत आणि घर लांब असलेले तिथंच झोपत.

"माझा बाप मी जन्मभर उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला बघितला," दादा म्हणाले. "कुणाच्या छपराखाली, चार माणसांत, पाहुण्यासारखा बसलेला एकदाच बघितला. तो इथं. हातात द्रोण होता."

मी विचारलं, "मग भाषणातलं ते वाक्य?"

"खोटं आहे. बाजाराला आला की प्यायचा. चांगला प्यायचा." त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं. "दारू सोडा म्हणून सांगायचं आणि माझा बाप पीत होता म्हणायचं, जमेना मला. एकदा बोलून गेलो. लोकांनी सोडली. मग ते वाक्य काढता येईना."

आता अडचण माझी होती. वस्तू नाही, कारण तिनं वस्तू ठेवलीच नव्हती. कागद नाही, परवाना पेठेतल्या गुत्तेदाराच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, नावावर. ज्यांनी माणसांना बाहेर ठेवलं त्यांचा पुरावा खुंटीला टांगलेला होता, आणि जिनं आत घेतलं तिचा वाऱ्यानं उडून गेला होता. राहिले दोन साक्षीदार. एक दादा. पण त्यांचं नाव छापायचं म्हणजे ते वाक्य संपलं. ते मला माहीत होतं आणि त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

"दुसरा तर शोधू आधी," दादा म्हणाले.

शेजारच्या रानात किशनराव नावाचे म्हातारे शेतकरी हुरडा भाजत होते. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं, गरम हुरडा हातावर चोळून दिला, सोबत गूळ आणि लसणाची चटणी. जानेवारीत त्या भागात गेलात तर हुरड्याला नाही म्हणू नका. हुरड्याच्या भरात मी जी चूक केली ती संशोधकानं करू नये.

"काका, इथं सुंदराबाई सगळ्यांना पळसाच्या द्रोणात शिंदी द्यायची ना?"

"हो हो. द्रोणातच."

दादांनी कपाळाला हात लावला. "उत्तर तूच सांगितलंस. त्यांनी नुसती मान हलवली."

खात्री करायला हवी होती. "आणि काका, इथं हत्ती पण बांधत होते ना?"

"तर! हत्तीबी यायचा," किशनराव म्हणाले. "लय मोठा हत्ती."

मी साक्षीदार क्रमांक दोन खोडला आणि आणखी हुरडा घेतला.

तेवढ्यात किशनरावांनीच, आपण होऊन, एक कामाचं वाक्य टाकलं. पळसाखालून एक म्हातारी वाळली पानं गोळा करत चालली होती. ते म्हणाले, "ती गयाबाई. जन्म गेला तिचा पत्रावळ्या लावण्यात. तिला ईचारा, ती समद्या गावाला ओळखती."

या वेळी मी शहाणी झाले होते. गयाबाईंच्या अंगणात जाऊन बसले आणि नुसतं विचारलं, "मावशी, तुम्ही पत्रावळ्या कुणाकुणाला देत होता?"

गयाबाई बांबूच्या चोयांनी पानं टाचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लग्नाला, तेराव्याला, मठाला. कवळी असताना सासूसंगं सुंदरीकडं टोपलंभर द्रोण घेऊन जायचे. रोज. सणवार न्हाई, का सुतक न्हाई."

मी दादांकडं बघितलं नाही. "सुंदरी कोण?"

"कलालीण. नदीच्या वाटंला दुकान हुतं. तिचे द्रोण खोल लावाया लागायचे, गळाया न्हाई पायजेत. शिंदी वतायची न्हवं त्यात."

"पेठेतल्या दुकानात पण देत होता का?"

"त्यांना कशाला? त्यांच्याकडं पितळंचे पेले. आन् बाकीच्याला नरोट्या, मागल्या अंगाला." त्यांनी टाचलेला द्रोण खाली ठेवला. "सासू मनायची, सुंदरी हाय म्हनून आपली चूल पेटती. ती मेली, मग दारूबंदी आली. छप्पर पावसानं नेलं. तुमी का ईचारायलाव?"

मी म्हटलं, पुस्तकात लिहायचंय. तुमचं नाव घातलं तर चालेल?

"घाला की. मला काय, मी प्यायला न्हवते जात, इकायला जायचे." मग त्या दादांकडं बघून म्हणाल्या, "ह्ये कोन? लय गप हायेत."

दादा म्हणाले, "मी एकदा आलतो इथं. लहान असताना." औरंगाबादला इतकी वर्षं राहून त्यांच्या बोलण्यातून गेलेलं गाव त्या एका शब्दात परत आलं.

गयाबाईंनी एक द्रोण टाचून माझ्या हातात दिला. खोल, न गळणारा. "आसा लावायचे," म्हणाल्या.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पाथरीला गाडी चुकली, दीड रुपयात राइसप्लेट खाल्ली, वरण चांगलं होतं. दादा सगळ्या वाटेत एकदाच बोलले: "तो द्रोण दबू देऊ नकोस." मी तो मांडीवर धरून औरंगाबादपर्यंत आणला.

सरांनी नरोट्यांचं कौतुक केलं, परवान्याचं कौतुक केलं, द्रोण उलटापालटा करून परत दिला. "हा परवाचा आहे. पुरावा नव्हे. एक साक्षीदार झाला, दुसरा कुठंय?" आणि साक्षीदारासाठी छापील अर्ज हातात ठेवला. नाव, वय, मूळ गाव, आणि शेवटी एक रकाना: माहितीचा आधार, ऐकीव की पाहिलेली.

अर्ज मी दादांच्या टेबलावर नुसता ठेवला. मी आग्रह केला असता तर तो मी माझ्या गुणांसाठी केला असता. चार दिवस अर्ज वर्तमानपत्राखाली पडून होता.

रविवारी वसाहतीत सभा होती. दादा उभे राहिले. शिक्षण झालं, पंचशील झालं. "माझे वडील अडाणी होते," ते म्हणाले, आणि थांबले. पुढच्या रांगेतले लोक टाळ्यांच्या तयारीत होते. "आणि शिंदी प्यायचे. मी तुमच्याशी खोटं बोललो. त्यांना गावात कुणी आत घेत नव्हतं. जिथं घेत होते तिथं शिंदी होती. आज आपल्याला बसायला हे विहार आहे. तेव्हा तुम्ही सोडा." आणि ते खाली बसले. टाळ्या पडल्या नाहीत. मागं कुणीतरी खाकरलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याला अध्यक्ष केलं. दारू सोडलेल्या त्या चौघांतला एक परत प्यायला लागला आणि कारण दादांचं सांगू लागला. तिघं नाही लागले.

आज कुणाला सोनपेठला जायचं असेल तर परळीहून किंवा गंगाखेडहून एसटी आहे, वेळा विचारून जा. नदीच्या वाटेवर बघण्यासारखं काहीही नाही. ते बघून या. द्रोण माझ्याकडं अकरा वर्षं टिकला, मग त्याचा चुरा झाला. अर्ज मात्र आहे, कारण सरांनी मूळ प्रत मला परत दिली होती.

सभेहून घरी आल्यावर दादांनी चपला न काढता तो भरला होता. नाव, वय, गाव. शेवटच्या रकान्यात त्यांनी "ऐकीव" खोडलं, "पाहिलेली" हेही खोडलं, आणि पुढं आपल्या कारकुनी, सरळ अक्षरात लिहिलं: वडिलांसोबत आत झोपलो होतो.